मेणातली कवळी

डॉक्टरांवर पेपरात एकदा अर्धं पान छापून आलं होतं. मथळा होता, ‘दातांच्या खुर्चीवरून मंत्र्याच्या खुर्चीवर, आणि परत’. तो पेपरवाला माझ्याकडे तासभर बसला, दोन कप चहा प्यायला, मान डोलवत सगळं लिहून घेतलं आणि मी सांगितलेलं एक अक्षर छापलं नाही. म्हणे जागा कमी पडली. फोटोला बरी जागा होती! तेव्हा आता मीच सांगते. माझी चूकही सांगते, कारण ती वगळून डॉक्टरांचं आयुष्य सांगायचं तर ते नुसतं तोंडदेखलं कौतुक होईल. रागाच्या भरात मी एकदा दोन शब्द लिहून दिले आणि त्यापायी एका घरातलं वाचन बंद पडलं. ते मला अजून टोचतं.

मी कवळ्या करते. गाव मला कवळीवाली बाई म्हणतं, डॉक्टर नुसतं बाई म्हणतात. नवरा गेला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि हाताला काम नव्हतं. डॉक्टरांनी तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर नुकताच दवाखाना काढला होता. सतरा पायऱ्या, मग लाकडी बाकडं, मग खुर्ची. मी नंबर लावायला आणि फरशी पुसायला लागले. मागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ कवळ्या करायचे. त्यांची नजर अधू होत गेली तशी मी त्यांच्या शेजारी बसून शिकले, आणि ते गेले तेव्हा त्यांचं स्टूल माझं झालं.

डॉक्टर तेव्हा तिशीच्या आतले, किडकिडीत, नाकावरून चष्मा घसरलेला. खुर्ची जुनी, कुणाकडून तरी उचललेली. पायानं दाबली की वर जायची आणि मग मनाला येईल तशी हळूहळू खाली बसायची. डॉक्टर दाढ कोरता कोरता वाकत जायचे आणि शेवटी गुडघ्यावर यायचे. पेशंटला वाटायचं, काय हा डॉक्टर, किती नम्र!

त्यांना बोलण्याचा भारी सोस. समोरच्याच्या तोंडात आरसा, दोन बोटं आणि कापसाचा बोळा कोंबायचा आणि मग विचारायचं, “काय, मुलीचं कॉलेज काय म्हणतंय?” तो बिचारा ऑं ऑं करायचा. डॉक्टर त्याच्या वतीनं उत्तर देऊन मोकळे. पण एक होतं. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगायचे, “दुखलं की डाव्या हाताचं बोट वर करायचं. लाजायचं नाही. बोट वर झालं की मी थांबलो.” आणि खरंच थांबायचे. एका बाईनं तर बसल्या बसल्या बोट वर केलं. डॉक्टर म्हणाले, “अहो, मी अजून हात धुतोय.”

आता कवळी कशी होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी तोंडाचं माप घ्यायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा. साच्यावर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवायचा. ही मेणातली कवळी माणसाच्या तोंडात घालून बघायची. मेण आहे तोवर दात आत घेता येतो, बाहेर काढता येतो, तिरका करता येतो. एकदा मेणाच्या जागी पक्कं मटेरियल भरून ते शिजवलं की संपलं. मग कानशीनं थोडं इकडं तिकडं घासा, बाकी काही हातात राहत नाही.

माझ्या हातची पहिली कवळी मास्तरांची. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, तोंडाचं पार बोळकं झालेलं. त्यांच्या बायकोची, मास्तरीणबाईंची नजर चाळिशीतच गेली होती. मास्तर त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. दुपारी एखादं पुस्तक. दात गेले तसं वाचन अडखळायला लागलं, म्हणून तर दोघं जिना चढून आली. खाण्याची तक्रार मास्तरांनी शेवटी, सहज म्हणून सांगितली.

डॉक्टरांनी मेणातली कवळी मास्तरांच्या तोंडात बसवली आणि हातात पेपर दिला. मास्तरांनी चार ओळी वाचल्या. मास्तरीणबाई बाकड्यावरून म्हणाल्या, “हे कोण वाचतंय?”

डॉक्टर हसले. मग बाईंचा चेहरा बघून हसायचे थांबले.

“आवाज ह्यांचाच आहे,” त्या म्हणाल्या, “पण हे ते नव्हेत.”

डॉक्टरांनी पुढचे दोन दात केसभर आत घेतले. पुन्हा वाचन. बाई म्हणाल्या, “आता ओळखीचे वाटतात. लांबच्या नात्यातले कुणीतरी.” मला हसू आवरेना. डॉक्टरांनी मात्र कवळी काढून घेतली आणि दोघांना दोन दिवसांनी बोलावलं. तिसऱ्या खेपेलाही मास्तरीणबाईंनी ‘नाही’ अशीच मान हलवली. चौथ्या खेपेला मास्तर अर्ध्या बातमीपर्यंत आले आणि बाई एवढंच म्हणाल्या, “हं. आले हे.”

डॉक्टर मला म्हणाले, “बाई, शिजवा.”

त्या दिवसापासून दवाखान्याचा नियम झाला. मेणातली कवळी घालून पेशंटनं मोठ्यांदा वाचायचं, घरच्या माणसानं डोळे मिटून ऐकायचं, आणि घरचं माणूस ‘आले’ म्हणाल्याशिवाय बाईंनी, म्हणजे मी, काही शिजवायचं नाही. वाचायचा उतारा मास्तरांनीच लिहून दिला. कवळी पहिली घसरते ती ‘स’, ‘श’ आणि ‘फ’वर, म्हणून त्यात सगळी तीच अक्षरं: ‘शेजारच्या शिंप्यानं सहा सदरे शिवले. सातवा शिवताना सुई सटकली, सासरे संतापले, शिंपी फिसकन हसला आणि सासऱ्यांचा सदरा तसाच सोडून फरार झाला.’ ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना डॉक्टर एकेक वाक्य सांगून म्हणायला लावायचे. गावातल्या यच्चयावत बोळक्यांना तो शिंपी पाठ आहे.

राजकारणात डॉक्टर गेले ते पाण्यामुळे. पेपरवाल्यानं ‘समाजसेवेची ओढ’ असं काहीतरी छापलंय, ते सोडून द्या. गावाच्या खालच्या अंगाला सगळे बोअरचं पाणी प्यायचे आणि तिथल्या पोरांचे दात तपकिरी. हसताना पोरी तोंडावर हात धरायच्या. डॉक्टरांनी पाणी तपासून घेतलं तर त्यात फ्लोराइड नको तेवढं. मग अर्ज सुरू झाले. काढलेल्या तपकिरी दातांची एक बरणी घेऊन ते नऊ वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होते. एका साहेबानं बरणी दूर सरकवत विचारलं, “दातांचा रंग हा काय सरकारी विषय आहे का?” डॉक्टर घरी आले आणि बायकोला म्हणाले, मी निवडणुकीला उभा राहतो. वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “राहा की. फक्त समोरच्यांच्या तोंडात बोळे नसतील, तेवढं लक्षात ठेवा.”

प्रचार बघण्यासारखा होता. डॉक्टरांना चेहरे लक्षात राहायचे नाहीत. दारात माणूस उभा राहिला की हे कोरे. तो जरा हसला की लगेच, “अरे, डावीकडची खालची दाढ! भरली होती ना आपण? राहिली का?” माणूस खूश. उमेदवारानं नाव विसरलेलं लोक खपवून घेतात, पण ह्याला आपली दाढ आठवते म्हणजे केवढी गोष्ट! कुठल्या पक्षाच्या नावावर नाही, ह्या दाढांच्या जोरावर ते निवडून आले. तिसऱ्या वर्षी खालच्या अंगाला नळाचं गोड पाणी आलं. दुसऱ्यांदा ते पक्षाकडून उभे राहिले, आणखी मोठ्या फरकानं निवडून आले आणि राजधानीत आरोग्य खात्याचे उपमंत्री झाले. गाव त्यांना साहेब म्हणायला लागलं. मी नाही म्हटलं. मी डॉक्टरच म्हणायची.

दवाखाना अगदी बंद पडला नव्हता. आठवड्यातून दोन दिवस एक डॉक्टरीण येऊन दात काढायची, भरायची. कवळ्यांचं काम तिला येत नव्हतं आणि माप घ्यायचा अधिकार मला नाही. मी मागच्या खोलीत जुन्या साच्यांवरची धूळ पुसत बसायची. फोन केला तर पीए उचलायचा. “साहेब मीटिंगमध्ये आहेत. काही निरोप?” निरोप काय कपाळ देणार! अकरा महिने डॉक्टर त्या सतरा पायऱ्या चढले नव्हते. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं.

मग त्यांनी ती योजना आणली. साठीपुढच्या प्रत्येकाला मोफत कवळी. मनात आलं होतं ते चांगलंच होतं. लांबच्या वस्त्यांवरची म्हातारी माणसं एका कवळीसाठी पाच-पाच खेपा कशा घालणार? एका कंपनीनं सांगितलं, एकाच खेपेत काम होईल. कारखान्यातून तयार कवळ्या येतील, लहान, मध्यम आणि मोठी. गरम पाण्यात मऊ करायची, तोंडात दाबायची, झालं. अधिकारी मागे लागले होते. तरी डॉक्टरांचं मन घेईना. त्यांनी नमुन्याची एक कवळी ड्रायव्हरच्या हाती माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी, ‘बाई, नीट बघून सांगा, कशी आहे. तुम्ही हो म्हणालात तरच सही करतो.’

त्या दिवशी डॉक्टर गावातच होते. नव्या पुलाचं उद्घाटन होतं. त्यांची गाडी दवाखान्याखालून गेलेली मी खिडकीतून पाहिली. गाडी थांबली नाही. आणि तासाभरानं हा ड्रायव्हर डबा घेऊन वर!

मी कवळी हातात घेतली. पॉलिश झकास, दात एका रेषेत. गरम पाण्यात मऊ करून फळीवरच्या एका साच्यावर दाबली. डुगडुगली. दुसऱ्यावर ठेवली, तिथंही डुगडुगली. पाच-सहा साच्यांवर ठेवून बघितली आणि एकावरही ती धड बसली नाही. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, लवकर करा, साहेब निघतायत.” साहेब निघतायत! माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं मी ह्या माणसाच्या हाताखाली घालवली आणि ह्याला वर यायला पाच मिनिटं नाहीत? जाऊ दे खड्ड्यात. मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, ‘चांगली आहे.’ मनाशी म्हटलं, त्यांनी कवळी कशी आहे एवढंच विचारलंय. कवळी म्हणून चांगलीच आहे. कुणाच्या तोंडात, ते त्यांनी विचारलेलं नाही.

माझी चूक ती हीच.

चार महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये वाटप झालं. डॉक्टरांचा फोटो छापलेली खोकी, टेबलावर गरम पाण्याची भांडी, आणि दाराशी एक निळी बादली. एकाच माणसानं दोनदा नेऊ नये म्हणून कारकुनांनी नियम केला होता, जुनी कवळी जमा करा, नवी घ्या. मी माझ्या प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात एक बारीक फुली कोरते. ती बादली फुल्यांनी भरत चालली होती.

मास्तर रांगेत होते. ऐंशी उलटलेली, हिरड्या झिजलेल्या, त्यामुळे जुनी कवळी त्यांना जरा सैल झाली होती, एवढंच. बादलीपाशी त्यांनी ती रुमालात धरली आणि माझ्याकडे बघितलं. “बाई, देऊ ना?”

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. पण सगळे बघत होते, आणि आता बोलले तर आधी काय लिहून दिलं होतं तेही सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली. मास्तरांनी कवळी बादलीत टाकली.

बादलीतल्या कवळ्या कारकुनांनी त्याच संध्याकाळी मोडून टाकल्या. पुढे काय झालं असेल, सांगायला नकोच. महिन्याभरात अर्ध्या गावाच्या कवळ्या खिशात आल्या, उरलेल्या कपाटात गेल्या. हिरड्यांना फोड, जेवताना वरची पंगत खाली. पण डॉक्टरांना कुणी सांगेना. ज्या माणसानं आपल्या पोरांना गोड पाणी दिलं, त्याला कवळी टोचते म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? लोकांना त्यांचं मन मोडवेना. डॉक्टर गावात आले की लोक खिशातून कवळी काढून तोंडात घालायचे आणि सभेला जाऊन बसायचे. डॉक्टर स्टेजवरून विचारायचे, “काय, छान बसली ना सगळ्यांना?” सगळे ओठ मिटून हसायचे.

एकदा मी मास्तरांकडे गेले तर टेबलावर पेपरांची चळत, एकाचीही घडी मोडलेली नाही. रेडिओ चालू होता.  मास्तरीणबाईच म्हणाल्या, “तीन दिवस प्रयत्न केला ह्यांनी. तोंड सोलून निघालं. आणि मला काही ओळखू येईना, कोण वाचतंय ते. मीच म्हटलं, राहू द्या.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “रेडिओ चांगला आहे. पण त्याला मध्येच थांबवून काही विचारता येत नाही.”

मी चहा तसाच टाकून उठले. घरी येऊन डॉक्टरांना पत्र लिहायला बसले आणि फाडून टाकलं. असं तीनदा झालं. सात महिने मी गप्प बसले. इतरांना डॉक्टरांचं मन मोडवत नव्हतं, माझं तसं नव्हतं. मला माझी चिठ्ठी आड येत होती.

मग त्याच हॉलमध्ये आभाराचा कार्यक्रम ठरला. योजना आता सगळ्या प्रांतात न्यायची होती, म्हणून कॅमेरेवाले आले होते. लाभार्थींच्या वतीनं मास्तर बोलणार होते. भाषण पीएनं टाइप करून दिलं होतं.

मास्तर माइकपुढे उभे राहिले. तो कागद उलगडला, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवला. हात मागे बांधले, शाळेत उभे राहायचे तसे, आणि सुरुवात केली, “शेजारच्या शिंप्यानं सहा सदरे शिवले.”

हॉलमध्ये हशा पिकला, सगळ्यांना वाटलं मास्तर गंमत करतायत. पण ‘शिंप्यानं’ म्हणताना शीळ वाजली होती, ‘सदरे’ला वरची पंगत खाली घसरली होती आणि ‘सटकली’ला ती खरंच सटकली. मास्तरांनी अंगठ्यानं वर दाबली आणि पुढे चालू ठेवलं. हसू थांबलं. मी डॉक्टरांकडे बघत होते. हा उतारा त्यांनी हजारदा तरी ऐकला असेल. त्यांच्या चेहऱ्यावरचा मंत्री उतरत गेला. शिंपी फरार होईपर्यंत ते खुर्चीतून उठले होते.

पीए कुजबुजला, “साहेब, कार्यक्रमपत्रिकेत हे—”

“तुमच्या मोबाइलचा टॉर्च द्या,” डॉक्टर म्हणाले. मास्तरांची हनुवटी धरून त्यांनी तोंडात उजेड पाडला. माइक जवळच होता, सगळं ऐकू येत होतं.

“मास्तर, हा फोड किती दिवसांचा?”

“वाटप झालं तेव्हापासूनचा.”

“अहो, मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे?” मास्तर म्हणाले. “तुम्ही विचारलंत, छान बसली ना.”

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. मग माइककडे वळून त्यांच्या जुन्या, दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले, “ज्यांना दुखतंय त्यांनी डाव्या हाताचं बोट वर करा. लाजायचं नाही.”

आधी कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून एका म्हातारीचं बोट वर झालं. मग तिच्या शेजारचं, मग पुढच्या ओळीतली चार, आणि मग मोजायला काही राहिलंच नाही. सगळा हॉल बोट वर करून बसला होता. मीही केलं. माझे दात माझेच आहेत, चांगले ठणठणीत. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

कार्यक्रम तिथंच आटोपला. ऊन अजून कलायचं होतं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर थेट मागच्या खोलीत आले. नमुन्याची ती कवळी फळीवरच होती. त्यांनी ती उचलली, एका साच्यावर ठेवली, बोटानं टिचकी मारली. डुगडुगली.

“बाई, तुम्ही साच्यावर ठेवून बघितली होती?”

“बघितली होती.”

“मग?”

“तुम्ही ड्रायव्हरला पाठवलंत,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंसं कारण, ते तोंडानं बोलताना माझी मलाच लाज वाटली.

ते माझ्या स्टुलावर बसले. म्हणाले, “मी खालूनच गेलो होतो त्या दिवशी. खिडकीकडे बघितलंही होतं. उशीर झाला होता.” मग कवळी खाली ठेवून म्हणाले, “सही माझी आहे बाई, तुमची नाही.” त्यापेक्षा ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात सभागृहात उभं राहून त्यांनी सांगितलं, योजना चुकली, चूक माझी, ती थांबवावी. विरोधकांनी बाकं वाजवली, त्यांच्या पक्षातले खाली बघत बसले. मंत्रिपद गेलं. राजधानीतलं घर आवरून डॉक्टर गावी परतायला पाच आठवडे लागले.

त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात मास्तरीणबाई गेल्या. साधा ताप, चार दिवसांचा. मी भेटायला गेले तेव्हा मास्तर खुर्चीत बसले होते, तोंडात काही नव्हतं, त्यामुळे शब्द नीट कळत नव्हते. मी जवळ सरकून ऐकलं. म्हणाले, “शेवटच्या दिवशी विचारत होती, पेपर आला का, काय म्हणतोय. मी वाचलं बाई. सगळं पान वाचलं. तिला एक अक्षर कळलं नाही.”

 मी त्यांच्या पेपरांची चळत सारखी करत बसले.

डॉक्टर आले, त्यांनी खुर्ची पुसली आणि यादी मागवली. बादलीत कवळी टाकलेली चारशे बारा माणसं. सगळ्यांची पुन्हा मापं, पुन्हा मेण, पुन्हा शिंपी. पहिलं नाव मास्तरांचं काढलं तर ते म्हणाले, “मला शेवटी घ्या. मला आता कसली घाई?” किती समजावलं, ऐकेनात. आम्हाला पावणेतीन वर्षं लागली. मध्ये निवडणूक आली. डॉक्टर उभे राहिले, पण प्रचाराच्या दिवसांत मापं घेत बसले आणि सपाटून पडले. वहिनी म्हणाल्या, “सुटले एकदाचे लोक.” यादीतली एकोणतीस माणसं नंबर यायच्या आधीच गेली. त्यांच्या नावांवर डॉक्टरांनी रेघ मारली नाही. मीही नाही मारली.

शेवटी मास्तर आले. शहाऐंशीवं चाललेलं. नवव्या पायरीवर बसून, दम घेऊन वर आले. माप झालं, साचा झाला, मी जीव ओतून मेणात दात बसवले. डॉक्टरांनी ती त्यांच्या तोंडात घातली, हात पुसले आणि सवयीनं बोलून गेले, “घरचं कोण आलंय?”

 बाकड्यावर कुणी नव्हतं.

“घरचं कोण असणार आता,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही डोळे मिटा.”

मी त्या बाकड्यावर, मास्तरीणबाई बसायच्या तिथं बसले आणि डोळे मिटले. मास्तरांनी शिंपी म्हटला. एकही शीळ नाही. काही घसरलं नाही, काही वाजलं नाही. ‘स’ स्वच्छ, ‘फ’ स्वच्छ. कुणीही वाहवा केली असती. मास्तर दमले होते, त्यांना अजून सतरा पायऱ्या उतरायच्या होत्या. म्हणाले, “चांगली आहे ना हो?”

त्यांच्या खिडकीखालून जाताना मी किती सकाळी ते वाचन ऐकलं होतं. वाक्य संपताना आवाज जरा खाली यायचा, शेजारच्या माणसाशी बोलल्यासारखा. तो तिथं नव्हता.  ‘चांगली आहे’ हे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

“नाही,” मी म्हटलं. “अजून आले नाहीत.”

डॉक्टरांनी मास्तरांच्या तोंडातून कवळी काढली. मी उठून स्पिरिटचा दिवा पेटवला आणि सुरी तापायला धरली. मास्तर खुर्चीत मागे टेकून बसले. त्यांचे डोळे भरले होते.

“करा सावकाश,” ते म्हणाले. “पहिल्यांदा तीही नाहीच म्हणाली होती.”